प्रश्न क्रमांक चौदा

सोमवार. वेंगुर्ल्याच्या सरकारी इस्पितळात
केसपेपरच्या खिडकीपुढली रांग वळून
दाराबाहेरच्या चपलांपर्यंत आलेली.
माझ्या गळ्यात नर्सिंग कॉलेजचं ओळखपत्र,
हातात पॅड, पॅडवर अर्जांची चळत,
प्रत्येक अर्जात एकवीस प्रश्न,
प्रत्येक प्रश्नाला तीन चौकटी:
होय, नाही, माहीत नाही.

मॅडमनी निघताना बजावलेलं,
उत्तर सुचवायचं नाही.
चेहरा कोरा ठेवायचा.

पहिले आजोबा उभादांड्याचे, पायाच्या जखमेला पट्टी.
लेप्टो कशानं होतो, विचारलं तर म्हणाले,
"उंदरान. पण आमचे उंदीर तसले नाय."
कुठली चौकट?
माझं पेन बराच वेळ हवेत.

मग एक बाई. प्रश्न तिला, उत्तरं नवऱ्याची.
मग एक मुलगा, मोबाइलवर शोधून एकवीसपैकी एकवीस,
गालावर गजकर्णाचा ताजा चट्टा,
आणि उठता उठता
भावाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसणारा.

भिंतीवर खोकणाऱ्या माणसाचं चित्र.
खाऱ्या ओलीनं
नेमका त्याच्या तोंडावरचा रुमाल पुसला गेलाय.
आता तो नुसताच खोकतो,
सगळ्यांकडे बघून.

साडेअकराला शेवंती कुबल. वय बावन्न.
धंदा?
"सुकी मासळी. आता बंद."
का बंद, हा प्रश्न अर्जात नव्हता.

क्षयरोगाचा भाग नऊपासून सोळापर्यंत.
माझं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर.
दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर–
"बेडको तपासूक देऊचो."
बरं वाटू लागलं की औषध–
"सोडूचा नाय. एक दिस चुकूचा नाय."
चौदा. रुग्णाच्या ताटात जेवल्यानं,
त्याच्या पेल्यानं पाणी प्यायल्यानं क्षयरोग होतो का?
"नाय."
तागडीत शेवटचा बांगडा पडावा
आणि काटा जागच्या जागी थांबावा, तसं.
मी खूण केली. कोरा चेहरा ठेवून
मनातल्या मनात शाबासकी दिली.

सोळा झाल्यावर तिला तहान लागली.
कूलरला साखळीनं बांधलेला पेला होता,
त्याला तिनं हात लावला नाही.
पिशवीतून आपला काढला. स्टीलचा,
बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका.
मी बघतेय हे तिनं बघितलं.
"सुनेन लायल्यान. घरात माजा सगळा वायला.
ताट, वाटी, तांब्यो, सगळ्यार टिपको."
पण तुम्ही तर आत्ता 'नाही' म्हणालात.
"माका ठावक आसा गो.
डाक्तरान सांगल्यान, आता कायेक नाय म्हणान.
औषध सरान वर्स झाला.
पण टिपक्याक खंय ठावक आसा?"

अर्जात खाली शेरा लिहायला
अर्धी ओळ जागा असते.
मी ती शोधत होते, मान खाली,
तेव्हा फरशीवर माझ्या खुर्चीच्या पायाचा
ओला ओरखडा दिसला.
नवव्या प्रश्नानंतर कधीतरी
मी वीतभर मागे सरकले होते.
उत्तरं मला पाठ होती. सगळी.

ती पेला पुसून पिशवीत ठेवत होती, नीट,
ठिपका आतल्या बाजूला करून.
"बुधवारी माजी सून येतली, पोराक डोस देऊक.
तिका पण इचारशीत? ह्याच, चौदावा?"
नाव?
"दीक्षा. सांगा नको हां, मी सांगलंय म्हणान."

मी अर्जाच्या पाठीवर लिहिलं:
बुधवार. दीक्षा कुबल. लसीच्या बाकावर.
सुचवायचं नाही, मॅडम म्हणालेल्या.
बघू.

अजून पाच प्रश्न राहिले होते.
मी खुर्ची पुढे ओढली.
केवढा आवाज झाला त्या फरशीवर.
रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं,
भिंतीवरच्यानंही.